तुडतुडीच्या मापाचा प्राणी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कवळ्या तयार करतात. दातांचे डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेतात आणि पाठवून देतात, पुढचं सगळं भाऊजींचं. ठशात प्लास्टर ओतायचं, जबड्याचा साचा काढायचा, त्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. मग ती मेणाची कवळी त्या माणसाच्या तोंडात एकदा घालून बघायला परत पाठवायची आणि तिकडून होकार आला की मगच पक्की करायची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल आहे. भिंतीवरच्या फळ्यांवर पांढरे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. नवा माणूस घरात शिरला की आधी दचकतो. भाऊजींना आसपासची निम्मी म्हातारी माणसं चेहऱ्याने ओळखू येत नाहीत, जबड्याने येतात. रस्त्यात कोणी हसून बोललं की ते त्याच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत. घरी येऊन सांगतात, "आज एकशे चौदा नंबर भेटले होते. खालची अजून हलतेय त्यांची."

इतक्या निगुतीच्या माणसाच्या पोटी तुडतुडी जन्माला आली.

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, तिथेच राहू दे. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते आणि संध्याकाळी तिचा अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी हे अगदी जवळून पाहिलंय. अभ्यासाला बसली की पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत पेन्सिल खाली पडायची. पेन्सिल शोधायला ती टेबलाखाली जायची. तिथे तिला एक बटण सापडायचं. बटण कोणत्या शर्टाचं ते बघायला कपाट उघडलं जायचं. आणि अर्ध्या तासाने बाई आईचा जुना रेनकोट घालून गच्चीत उभ्या! "अगं, अभ्यास?" असं विचारलं की तिला खरोखरीच आश्चर्य वाटायचं. त्यात लबाडीचा लवलेश नसायचा. जणू अभ्यास नावाच्या कोणा पाहुण्याबद्दल आपण विचारतोय आणि तो येऊन गेल्याचं तिला कोणी कळवलंच नाही.

शाळेतून चिठ्ठ्या यायच्या. मग तपासण्या झाल्या. मुलांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मुलगी हुशार आहे, फक्त तिला एका जागी लक्ष टिकवायला फार अवघड जातं. हा आळस नाही आणि कोणाच्या लाडाचा परिणामही नाही. ताईला ऐकून हायसं वाटलं. भाऊजींच्या आईंना, ज्यांना आम्ही सगळेच मोठी आई म्हणतो, काही ते पटलं नाही.

"लक्ष नाही कसं? सगळीकडे आहे तिचं लक्ष," त्या म्हणाल्या. "काल माझ्या चष्म्याची दांडी सैल झालेली तिलाच दिसली. आणि तिचं सोड, हा काय वेगळा होता?" त्यांनी भाऊजींकडे हनुवटी उडवली. "दूध आणायला पाठवला तर संध्याकाळी तळ्यावर सापडला. किटली वेगळ्याच ठिकाणी सापडली. शेवटी याच्या वडलांनी मातीचा गोळा दिला हातात, तेव्हा कुठे याचं बूड टेकलं."

भाऊजी एका दाढेला पॉलिश करत होते. ते जरा जास्तच जोरात पॉलिश करायला लागले.

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई शांत होत्या. त्यांनी भिंतीवर लावायचं वेळापत्रक करून दिलं, कामाचे लहान लहान तुकडे पाडायला शिकवलं, आणि तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "जमत असेल तर घरात एखादा प्राणी आणून बघा. अशा काही मुलांना रोजची एक ठरलेली जबाबदारी मानवते. पण प्राणी नीट निवडा. तो तिला झेपला पाहिजे आणि ती त्याला झेपली पाहिजे. घाई मात्र अजिबात करू नका. आणि शेवटी काळजी मोठ्यांनाच घ्यावी लागते, हे धरून चाला."

घाई करू नका, हे भाऊजींना सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. घरी येताच त्यांनी एक वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं : 'प्राणी'. खाली रेघ मारली. मग आम्हा सगळ्यांना समोर बसवून म्हणाले, "कवळी कधी एकदम पक्की करतात का? आधी मेणाची करून तोंडात घालून बघतात. तसंच करायचं. प्राणी आधी उसना आणायचा. आठवडाभर बघायचं. बसला तर पुढे, नाही तर परत."

"आणि मोडला तर?" ताईने विचारलं.

ताई शहर बस चालवते. दिवसभर हॉर्न, ब्रेक आणि माणसांची हुज्जत ऐकून घरी आलेल्या बाईला घरात शांतता सोडून काहीही नको असतं. तरी ती हो म्हणाली. एकच अट घातली, "आवाज करणारं काही नको."

म्हणून पहिले आले मासे. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे काचेची पेटी होती. तो आठवडाभर लेकीकडे जाणार होता, त्याने एका बरणीत दोन मासे घालून दिले. पहिल्या दिवशी तुडतुडीने त्यांना दहा वेळा खायला घातलं. दुसऱ्या दिवशी साफ विसरली. तिसऱ्या दिवशी दुसरा दिवस आठवला आणि त्याची भरपाई केली. बरणीतलं पाणी असं झालं, की मासे आहेत की नाहीत हे विश्वासावर सोडावं लागलं. भाऊजी गुपचूप पाणी बदलत राहिले म्हणून ते जिवंत परत गेले. वहीत नोंद झाली, 'मासे : भूक लागलीय का पोट फुगलंय, ते चेहऱ्यावरून कळत नाही.'

मग मांजर. ताईच्या बसवरच्या कंडक्टरबाईंची. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण ती फारशी राहिलीच नाही. तुडतुडीने तिला पोटाशी धरलं, म्हणजे अगदी सगळ्या जिवानिशी धरलं, तेव्हा ती निसटून जबड्यांच्या सर्वांत वरच्या फळीवर जाऊन बसली ती दोन दिवस खाली उतरेना. सत्त्याऐंशी नंबरच्या खालच्या जबड्याचे तिथून पडून तीन तुकडे झाले. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडी दिसताच बाईसाहेब स्वतःच्या स्वतः तीन गल्ल्या ओलांडून घरी पोचल्या. कंडक्टरबाईंचा निरोप आला, "मांजर पोचली. रागावली आहे."

आणि मग आलं कुत्र्याचं पिल्लू.

ते बेकरीवाल्याचं. पाच महिन्यांचं, तपकिरी, कान एक उभा आणि एक पडलेला. बेकरीवाला म्हणाला, "मुलांना फार जीव लावतं. फक्त जरा खेळकर आहे." पुढे भाऊजी म्हणाले, की जगातले सगळे घोटाळे 'फक्त जरा' या दोन शब्दांमधून आत येतात.

पिल्लू आणि तुडतुडी यांचं पाच मिनिटांत जमलं. अडचण अशी, की दोघांचा स्वभाव एकच. हिने चेंडू टाकला की ते आणायला निघायचं, वाटेत चप्पल दिसली की चेंडू विसरायचं. ते चप्पल घेऊन येईपर्यंत हिला चेंडूची आठवण उरलेली नसायची. दोघंही मजेत. घरातली बाकीची माणसं मात्र पाय उचलून खुर्चीवर बसायला शिकली. मोठी आई जपमाळेसारखं एकच वाक्य म्हणत होत्या, "एकीला आवरता येत नाही, तर दुसरं आणलंत."

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी पाणी प्यायला आत गेले. टेबलावर एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची वरची कवळी होती. तयार, शेवटचं पॉलिश तेवढं राहिलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना त्यांच्याच जुन्या शाळेत बक्षीस समारंभाला भाषण करायचं होतं आणि त्यासाठीच ही नवी कवळी भाऊजींनी खास लवकर केली होती. भाऊजी परत आले तर टेबल रिकामं, दार उघडं.

मी खिडकीतून पाहिलं ते असं. पुढे पिल्लू धावतंय, तोंडात कवळी, आणि ती अशी नेमकी बसलेली, की पिल्लू मागे वळून बघे तेव्हा सगळ्या रस्त्याकडे बघून अगदी सुसंस्कृत हसे. त्याच्या मागे तुडतुडी. तिच्या मागे ॲप्रन घातलेले, पांढऱ्या प्लास्टरने माखलेले भाऊजी. रस्त्यावरचा एक सायकलवाला पिल्लाचं ते हसणं बघून सायकलवरून उतरला आणि बराच वेळ नुसता हँडल धरून उभा राहिला.

मी खाली धावले. वळणावर पोचले तर तिथे तुडतुडी एकटीच उभी. एका दुकानाची पाटी रंगवणाऱ्या पेंटरकडे बघत होती. भाऊजीही धापा टाकत आले.

"तुडतुडे, गेलं कुठे?"

"बाबा, बघ ना. हा माणूस 'क्ष' उलट्या बाजूने काढतो. आधी शेपूट, मग डोकं."

"अगं, दात!"

"कुठले दात?" तिने विचारलं. आणि मग तिचा चेहरा असा पडला, की भाऊजींना रागवायचं सुचेना. तिला आठवलं होतं. आठवलं की तिला नेहमीच आपल्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

कवळी एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात पुरलेली सापडली. पुढचे दोन दात गायब होते. बाकीच्यांवर पिल्लाने आपलं मत नोंदवलं होतं.

भाऊजी खोटं बोलू शकले असते. यंत्र बिघडलं, लाईट गेली, काहीही. पण ते तसेच, वाळू झटकत, तुडतुडीचा हात धरून मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी गेले. मला मध्यस्थ म्हणून बरोबर नेलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आतल्या खोलीतून जुनी कवळी घालून आल्या आणि म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, माझ्या दातांनी तो कुत्रा कुणाला चावला तर नाही ना?"

"नाही बाई," भाऊजी म्हणाले.

"मग झालं. नवी सावकाश करा." मग त्यांनी तुडतुडीकडे पाहिलं. "आणि तू गं? तू काय करत होतीस?"

"मी 'क्ष' बघत होते," तुडतुडी मान खाली घालून म्हणाली.

"कसा काढतात?"

तुडतुडीने हवेत बोटाने काढून दाखवला. बाईंनी तिला पुन्हा काढायला लावला.

भाषण जुन्या कवळीवरच झालं. ती 'स' आला की शिट्टी मारायची. 'सन्माननीय संचालक' म्हणताना म्हणे सभागृहात दोन मुलं रांगेत उभी राहिली, त्यांना वाटलं कवायत सुरू झाली. इतक्या वर्षांत बाईंचं कुठलंच भाषण एवढं लक्ष देऊन ऐकलं गेलं नव्हतं.

पिल्लू त्याच संध्याकाळी बेकरीत परतलं. ताई ड्युटीवरून आली, हकीकत ऐकली, बूट काढले आणि जाहीर केलं, "आता या घरात चार पायांवर उभं राहील ते फक्त टेबल."

भाऊजींनी वही मिटली. मला वाटलं, विषय संपला.

दोन-तीन दिवसांनी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. भाऊजी मेणात दात बसवत होते आणि तुडतुडी टेबलाखाली बसून उरलेल्या मेणाच्या गोळ्या वळत होती. मेण हातात असलं की ती त्यातल्या त्यात स्थिर असायची. अचानक ती खालूनच म्हणाली, "बाबा, मासे बोलत नाहीत ना?"

"नाही."

"बोलले असते तर मी विसरले नसते. ते नुसते तोंड उघडतात, पण आवाज बंद. मग मला कसं कळणार?"

भाऊजींच्या चिमट्यात एक सुळा होता, तो तसाच हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आम्ही सगळ्यांनी मिळून शांत प्राणी शोधायचा खटाटोप चालवला होता, का, तर घरात आधीच गोंधळ आहे. आणि ज्या मुलीला आठवण राहत नाही तिच्या गळ्यात आम्ही मारत होतो मुके जीव, ज्यांची सगळी भिस्त तिच्या आठवणीवर!

"अगं," भाऊजी मला म्हणाले, "माप तिचं घ्यायचं सोडून मी आपलं घराचं घेत बसलो."

दुसऱ्या दिवशी ते प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडे एखादा ओरडणारा प्राणी आहे का?"

"लोक माझ्याकडे ओरडणं बंद करायला येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण सगळं ऐकल्यावर त्या हसल्या नाहीत. भाऊजींना मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे एका मोठ्या पिंजऱ्यात दोन गिनी पिग होत्या. एका कुटुंबातल्या मुलाला त्यांच्या केसांनी शिंका यायला लागल्या म्हणून ते लोक त्यांना दवाखान्यात सोडून गेले होते. एक पांढरी, एक काळ्या-भुऱ्या ठिपक्यांची. कान आणायला विसरलेले, शेपूट न मिळालेले ससेच जणू. डॉक्टरीणबाईंनी हातातली प्लॅस्टिकची पिशवी नुसती चुरगाळली मात्र, दोघींनी मिळून अशी किंकाळी फोडली, की भाऊजी दोन पावलं मागे सरकले.

"हे काय?"

"ही आठवण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भूक लागली की सांगतात. पिशवी वाजली, फ्रिज उघडला, ओळखीचं पाऊल आलं, की सांगतात. चावायला सहसा येत नाहीत. पण दोघी एकत्रच न्यायच्या, एकटी झुरते. वाळलेलं गवत कायम समोर पाहिजे. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा. उचलताना जमिनीवर बसूनच उचलायचं. आणि हो, यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात."

"आयुष्यभर?" भाऊजींचा आवाजच बदलला.

"गवत चावून झिजतात आणि खालून वाढतात. पुढचेही, दाढाही."

"म्हणजे यांना कवळी..."

"कधीच लागत नाही."

भाऊजी पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले. वीस वर्षं दुसऱ्यांच्या दातांची भरपाई केलेला माणूस, त्याने त्या दोन जिवांकडे अशा आदराने पाहिलं, की डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्ची आणून दिली.

त्या लगेच द्यायला तयार झाल्या नाहीत. आधी मुलीला चार संध्याकाळी इथे घेऊन या म्हणाल्या, मग बघू. भाऊजींना ही पद्धत फारच पसंत पडली. पहिल्या संध्याकाळी तुडतुडी पिंजऱ्यासमोर पालथी पडली, हनुवटी हातांवर. पांढरी नाक हलवत होती, हीही हलवायला लागली. भाऊजी घड्याळ बघत होते. पाच मिनिटं. बारा. वीस. अडतिसाव्या मिनिटाला बाहेर एक कुत्रा भुंकला आणि ती उठली. भाऊजी घरी आले, माझ्याकडे वर येऊन हळूच म्हणाले, "अडतीस." आणि कोणाला सांगू नकोस म्हणून बजावून गेले. त्यांना दृष्ट लागायची भीती वाटली असावी.

राहता राहिली ताई. भाऊजींनी तिला डेपोत फोन केला. ताईने पुढे सांगितलं, मागे इंजिन चालू होतं आणि तिला अर्धंच ऐकू आलं. ती फोनवर ओरडली, "पिग? अहो, पिग म्हणजे डुक्कर ना? दोन?" डेपोतले सगळे ड्रायव्हर वळून बघायला लागले.

तरी चार संध्याकाळी पुऱ्या झाल्यावर दोघी घरी आल्या. त्या दिवशी ताई तोंड फिरवून बसली होती. नावं तुडतुडीने ठेवली. पांढरीचं नाव दाढ, ठिपक्यावालीचं पटाशी, कारण हिचे पुढचे दोन दात ओठाबाहेर डोकवायचे. पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी, कामाच्या टेबलापासून दूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मोठ्या आईंनी फ्रिज उघडला आणि घरात जणू शिट्ट्यांचा कारखाना सुरू झाला. तुडतुडी, जिला उठवायला एरवी तीन माणसं लागत, पांघरुणासकट धावत आली. गवत घातलं. पाणी बदलताना मध्येच तिला नळाच्या थेंबात रंग दिसले आणि ती तिथेच अडकली. पण दाढ आणि पटाशी अशा गप्प बसणाऱ्या थोड्याच! त्यांनी पुन्हा हाकाटी केली, तुडतुडी भानावर आली, पाणी पोचलं. भाऊजी दारात उभं राहून बघत होते. मोठी आई, ज्यांना हल्ली कमी ऐकू येतं, समाधानाने म्हणाल्या, "घरात एकदाचं कोणीतरी स्पष्ट बोलणारं आलं."

ताईचा विरोध नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी ती दमून आली, किल्ल्या खुंटीला अडकवल्या, आणि पिंजऱ्यातून जल्लोष उठला. किल्ल्यांचा आवाज आला की काकडी येते, हे त्या दोघींनी ताडलं होतं, कारण ताई कोणी बघत नसताना त्यांना रोज काकडीची चकती देत होती. आता ते उघड झालं.

"काय बघता सगळे?" ताई म्हणाली. मग पिंजऱ्यापाशी बसली. "दिवसभर अख्खं शहर माझ्यावर हॉर्न मारतं. मी आले म्हणून आनंदाने ओरडणारं आजवर कोणी नव्हतं."

"मी होते," तुडतुडी म्हणाली.

"तू दार उघडायचं विसरतेस, बाळा."

सगळं काही सुरळीत झालं असं समजू नका. तुडतुडीने एकदा पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं, तेव्हा दोघी भाऊजींच्या चपलांमध्ये एकेक अशा बसलेल्या सापडल्या. एकदा गवताऐवजी शिवणकामाच्या डब्यातली लोकर नेऊन ठेवली. पिंजरा धुवायचं काम अर्ध्यात टाकून ती जायची आणि उरलेलं भाऊजी करायचे. पण एक वेगळं घडत होतं. भाऊजींची ती 'प्राणी' वही तिने ताब्यात घेतली होती आणि तिच्या वाकड्या अक्षरात नोंदी व्हायला लागल्या होत्या. 'लांब शिट्टी : भूक. छोटी छोटी गुरगुर : खूश. दात कटकट : पटाशी रागावली. एकदम हवेत उडी : काही कारण नाही, नुसता आनंद.'

मग फेब्रुवारीतला तो आठवडा आला.

संध्याकाळची वेळ. ताई दुसऱ्या दिवशीच्या ड्युटीचा तक्ता बघत होती, भाऊजी साचे धूत होते. तुडतुडी म्हणाली, "बाबा, दाढ चावत नाहीये."

भाऊजी "हं" म्हणाले. त्यांचा काय दोष? तुडतुडी पाच मिनिटांत वीस गोष्टी सांगायची आणि एकविसाव्या गोष्टीला आधीच्या वीस तिच्याही लक्षात नसायच्या. "चंद्र अर्धा आहे, मावशीचा मोजा फाटलाय, मला सहा लिटर दूध पिता येईल का," यातलं कशाकशाला उत्तर देणार?

जेवायला बसल्यावर ती पुन्हा म्हणाली, "दाढ चावत नाहीये. ती गवत तोंडात घेते आणि डावीकडून पाडते."

"जेव आधी," ताई म्हणाली.

तिने दोन घास खाल्ले. मग घास तसाच हातात धरून भाऊजींच्या दंडाला धरून हलवलं. "बाबा. दाढ चावत नाहीये!"

भाऊजींचा हात थांबला. मीही समोरच होते, माझ्याही लक्षात आलं. नऊ वर्षांत या मुलीने कुठलीही गोष्ट लागोपाठ तीनदा सांगितली नव्हती.

ते ताटावरून उठले. टेबलावरचा दिवा आणि दात बघायचा छोटा आरसा घेऊन पिंजऱ्यापाशी मांडी घालून बसले. तुडतुडीने दाढेला टॉवेलात गुंडाळून धरलं. पुढचे दात ठीक होते. मागचं काही दिसेना, तोंडच एवढंसं. पण हनुवटी ओली होती आणि पिंजऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात चघळून टाकलेल्या गवताचा छोटासा ढीग होता. तो आम्हा चौघांपैकी कोणालाही दिसला नव्हता. भाऊजींनी प्लास्टर मोजायचा काटा आणून तिचं वजन केलं. दर रविवारी वजन व्हायचंच, आठवड्यापूर्वीचा आकडा तुडतुडीच्या वहीत होता. वजन बरंच उतरलं होतं.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ते तिघं दारात होते. डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन तपासलं. मागच्या दाढा एका बाजूने वाढून जिभेवर आल्या होत्या, तिला गिळताच येत नव्हतं. त्यांनी त्या घासून बेताच्या केल्या. भाऊजींना बघायला आत घेतलं होतं. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा होता आणि ते म्हणाले, "काय हात आहे त्यांचा!"

"वेळेत आणलंत," डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. "हे प्राणी दुखणं लपवतात. अजून एक-दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. कोणाच्या लक्षात आलं?"

ताईने तुडतुडीकडे बोट दाखवायला हात उचलला. तुडतुडी खुर्चीवर नव्हती. ती बाकाखाली होती आणि दवाखान्याच्या फरशीवर एक फरशी उलटी बसवली आहे, असं तिथून सांगत होती. डॉक्टरीणबाई वाकल्या, फरशी पाहिली आणि म्हणाल्या, "अरेच्चा! खरंच की. सहा वर्षांत मला दिसली नव्हती."

पुढचे काही दिवस दाढेला दर दोन-तीन तासांनी पिचकारीने पातळ खाणं भरवायचं होतं. घरातल्या मोठ्यांनी पाळ्या लावून घेतल्या, पण शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंतची पाळी तुडतुडीने मागून घेतली. आम्ही आलटून पालटून जवळ बसायचो, पण हात लावायचो नाही. ती मध्येच हरवायचीच. पिचकारी हातात धरून छताकडे बघत बसायची. मग पिंजऱ्यातून पटाशी एकटीच कर्कश ओरडायची आणि तुडतुडी दचकून म्हणायची, "हो गं, हो, देतेय." मला आठवतं, तिसऱ्या दिवशी भाऊजी दारात उभे होते, हातावर ओलं प्लास्टर तसंच सुकत चाललेलं. मी म्हटलं, "भाऊजी, प्लास्टर." ते म्हणाले, "असू दे." माझ्या देखत त्यांनी स्वतःहून काम वाया जाऊ दिलेलं ते एवढंच.

पाचव्या दिवशी सकाळी दाढेने गवताची काडी स्वतःहून उचलली. कुरूम कुरूम असा बारीक आवाज यायला लागला. ताई गणवेश घालून निघाली होती, ती किल्ल्या मुठीत घट्ट धरून, वाजू न देता, तिथेच थांबली. मोठ्या आईंना तो आवाज ऐकू येत नव्हता, पण आमचे चेहरे बघून त्यांनी ओळखलं आणि पदर डोळ्याला लावला. ताईची बस त्या दिवशी चार मिनिटं उशिरा सुटली.

त्याच महिन्यात शाळेत प्रत्येक मुलाने आपल्या आवडीच्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं होतं. आम्ही काळजीत. दोन मिनिटं म्हणजे तुडतुडीला दोन गावांमधलं अंतर. तिची मी तयारी घ्यायला गेले तर ती म्हणाली, "मावशी, तयारी कशाला? मला माहीत आहे सगळं."

त्या दिवशी ती चिठ्ठी घेऊनच घरी आली. वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं : 'आपली मुलगी गिनी पिगच्या दाढांबद्दल अकरा मिनिटे बोलली. फळ्यावर आकृती काढली. थांबवूनही थांबली नाही. मधली सुट्टी वाया गेली, पण मुलांची तक्रार नाही. तथापि, वेळेचे भान ठेवण्यास सांगावे.'

ताईने चिठ्ठी दोनदा वाचली, हसू दाबत खाली सही केली. भाऊजींनी ती मागून घेतली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"छान बोललीस म्हणे," ते म्हणाले. "बरं, दप्तर कुठे आहे?"

तुडतुडीने आधी उजव्या खांद्याकडे पाहिलं, मग डाव्या. "होतं ना," ती म्हणाली.

भाऊजींनी ॲप्रन काढून खुंटीला लावला, चपला पायात सरकवल्या आणि दप्तर आणायला शाळेच्या दिशेने निघाले.